डीव्हीडी रायटर

डीव्हीडी रायटर हे कोऱ्या डीव्हीडी तबकडीवर लेझर किरणाच्या साहाय्याने माहिती लिहिणारे संगणकाचे उपकरण आहे. त्यास डीव्हीडी बर्नर असेही म्हणतात. मराठी बोलण्यात मात्र ‘रायटर’ हाच शब्द रुळला. २००० नंतरच्या दशकात घरातील छायाचित्रे व कागदपत्रे यांची राखीव प्रत ठेवण्यासाठी आणि लग्नसमारंभांच्या चित्रीकरणासाठी हे उपकरण महाराष्ट्रातील लहान शहरांपर्यंत पोहोचले. पुणे जिल्ह्यातील शिरूर (घोडनदी) व दौंड ही तालुक्याची ठिकाणे त्याचे नमुनेदार उदाहरण होत. पेनड्राइव्ह व हार्ड डिस्क स्वस्त झाल्यावर नवे लेखन मागे पडले. परंतु त्या काळातील तबकड्या अजून घरोघरी कपाटांत आहेत आणि त्या वाचण्यासाठीही हेच उपकरण लागते. त्यामुळे माफक किमतीत योग्य रायटर निवडण्याचा प्रश्न संपलेला नाही.

कार्यपद्धती

डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर वापरतात. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर सूक्ष्म खुणा उमटतात व तेथील परावर्तन बदलते. वाचताना याच फरकाचे अंक होतात. पुनर्लेखनयोग्य तबकडीत रंगद्रव्याऐवजी धातूंचे मिश्रण असते. एका थराची क्षमता ४.७ गिगाबाइट असते. संगणक मात्र ४.३८ एवढाच आकडा दाखवतो, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. दुकानदाराने फसवल्याची शंका येथे अनेकांना येते, ती निराधार आहे.

‘मायनस आर’ ही तबकडी पायोनिअर कंपनीने १९९७ मध्ये आणली. तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गटाची ‘प्लस आर’ २००२ मध्ये आली. पुढे दोन्ही प्रकार लिहिणारे रायटर सार्वत्रिक झाले आणि हा वाद ग्राहकापुरता मिटला. दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या जुन्या प्लेअरसाठी ‘मायनस आर’ सहसा अधिक भरवशाची ठरते. ८.५ गिगाबाइटची दुहेरी थराची तबकडी महाग असून जुने प्लेअर ती वाचताना थर बदलण्याच्या जागी अडखळतात.

रायटरची निवड

खोक्यावर ठळक छापलेला वेग हा निवडीचा सर्वांत दुबळा निकष आहे. डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट असतो. सोळापट वेग केवळ तबकडीच्या बाहेरील कडेपाशी गाठला जातो. म्हणून भरलेली तबकडी सोळापट वेगाने पाच-सहा मिनिटांत, तर आठपट वेगाने आठ-नऊ मिनिटांत पूर्ण होते. वाचलेल्या तीन मिनिटांसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. राखीव प्रतीसाठी तबकडीच्या कमाल वेगापेक्षा थोडा कमी वेग ठेवणे इष्ट. फारच कमी ठेवण्याचाही लाभ नसतो, कारण आधुनिक तबकड्यांचे रंगद्रव्य मध्यम वेगासाठीच बनवलेले असते.

नाममुद्रेलाही मर्यादित अर्थ आहे. हिताची व एलजी, तोशिबा व सॅमसंग, सोनी व एनईसी यांनी संयुक्त कंपन्या काढून रायटर बनवले आणि तेच यंत्र कित्येकदा वेगवेगळ्या नावांनी विकले गेले. (एलजीचा घरगुती उपकरणांचा एक कारखाना शिरूर तालुक्यातच, रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आहे.) २०१० च्या सुमारास संगणकाच्या पेटीत बसणारा रायटर हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळे. नावापेक्षा जोडणी पाहणे महत्त्वाचे. जुन्या संगणकांत चाळीस पिनांची रुंद पट्टीसारखी आयडीई केबल असते, नंतरच्यांत अरुंद साटा केबल. एकीचा रायटर दुसरीत लागत नाही. लॅपटॉपसाठी यूएसबीचा बाह्य रायटर सोयीचा, पण तो बहुधा आठपट वेगापर्यंतच लिहितो व काही नमुन्यांना पुरेशा विजेसाठी दोन यूएसबी खाचा लागतात.

वीजपुरवठ्याचा मुद्दा या भागात दुय्यम नव्हता. संगणकाकडून माहिती येण्यात क्षणभर खंड पडला तर तबकडी वाया जाऊ नये, अशी सोय २००० नंतरच्या रायटरांत आली. वीजच गेली तर तिचा उपयोग नाही. भारनियमनाच्या वर्षांत शिरूर व दौंडसारख्या तालुक्यांत अर्धवट लिहिलेली तबकडी फेकून द्यावी लागणे हा नित्याचा अनुभव होता. अशा ठिकाणी महागड्या रायटरपेक्षा साधा रायटर आणि चालू स्थितीतील बॅटरी असलेला यूपीएस हा खर्च अधिक शहाणपणाचा ठरतो.

चित्रफितींसाठी वापर

लग्नाच्या चित्रीकरणाचे संकलन, ज्याला स्टुडिओवाले ‘मिक्सिंग’ म्हणतात, संगणकावर होऊ लागल्यावर व्हीएचएस कॅसेटची जागा डीव्हीडीने घेतली. डीव्ही कॅमेऱ्याच्या एका तासाच्या चित्रणाला हार्ड डिस्कवर सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. तबकडीसाठी ते एमपेग-२ या स्वरूपात संकुचित करावे लागते. एका थरावर एक तास उत्तम आणि दोन तास समाधानकारक दर्जाचे बसतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे तीन-साडेतीन तास एकाच तबकडीत कोंबले की वरातीतील हलती दृश्ये चौकोनी ठिपक्यांत विस्कटतात. दोन तबकड्या करणे हाच त्यावर खरा उपाय आहे. भारतातील पाल पद्धतीची तबकडी अमेरिकेतील नातेवाइकांच्या प्लेअरवर दिसेलच असे नाही. तिथल्या संगणकावर ती दिसते.

तबकड्यांचे आयुष्य

राखीव प्रत टिकण्यात रायटरइतकाच तबकडीच्या दर्जाचा वाटा असतो. मोझर बेअर या भारतीय कंपनीने कोऱ्या तबकड्या स्वस्त केल्या. ही कंपनी पुढे २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. बिननावाच्या सुट्या तबकड्या त्याहून स्वस्त मिळत, पण त्यांतील कित्येक काही वर्षांतच वाचेनाशा होतात. ऊन व उष्णता ही रंगद्रव्याची शत्रू. पत्र्याच्या छपराखालील कपाटात ठेवलेली तबकडी लवकर खराब होते. वर चिकटवलेल्या कागदी लेबलाने फिरण्याचा तोल जातो. लेखन संपल्यावर ‘पडताळणी’चा पर्याय वापरणे वेळखाऊ असले तरी वगळू नये.

जुनी तबकडी अडखळत असेल तर ती वारंवार लावून पाहण्यापूर्वी पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसल्यास ओरखडा खुणांच्या मार्गाच्या दिशेनेच जातो व दुरुस्तीची यंत्रणा थिटी पडते. एका रायटरने न वाचलेली तबकडी दुसऱ्या कंपनीचा रायटर पुष्कळदा वाचतो. म्हणून एक महाग रायटर घेण्यापेक्षा दोन वेगळ्या बनावटीचे, जुने का होईनात, चालू रायटर जवळ असणे अशा कामात उपयोगी पडते. काही हातकॅमेरे आठ सेंटिमीटरच्या लहान तबकडीवर थेट चित्रण करीत; ती ‘फायनलाइज’ केलेली नसल्यास आधी मूळ कॅमेऱ्यातूनच तसे करून घ्यावे लागते, आणि ट्रे नसलेल्या, फटीतून तबकडी ओढणाऱ्या रायटरमध्ये ती घालू नये, कारण आत अडकते.