पत्रा कापणारा प्रकाश

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत फिरा किंवा चाकणच्या बाजूला जा; ‘लेझर कटिंग’ची पाटी दिसतेच. कात्री नाही, ब्लेड नाही, पत्रा कापतो तो प्रकाश. या प्रकाशाच्या जन्मकथेत आपल्या पुणे जिल्ह्याचाही एक धागा आहे. आज मी तुम्हाला तोच सांगणार आहे.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर झोत मिळवला. त्याच वर्षी डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावन आणि सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूंचा लेझर साधला. माणकाचा झोत क्षणभर चमकून थांबे. वायूचा अखंड चाले, पण फारच क्षीण.

१९६१ साली त्याच प्रयोगशाळेत कुमार पटेल रुजू झाले. जन्म १९३८चा, बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. त्यांनी अडचण नेमकी हेरली. निऑनचा अणू जणू दहाव्या मजल्यावर चढवायचा आणि प्रकाश मिळायचा तो एकच मजला उतरताना. बाकीची ऊर्जा वाया! रेणूची कंपनं मात्र तळमजल्याजवळच असतात. चढायला कष्ट थोडे आणि त्यातला बराच वाटा प्रकाशरूपानं परत. म्हणून १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वापरला. त्याला नायट्रोजनची जोड दिली. कंप पावणारा नायट्रोजनचा रेणू टक्कर होताच आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतो. झोत बलवान झाला. १९६७ साली इंग्लंडमध्ये ऑक्सिजनच्या फवाऱ्याच्या मदतीनं अशाच झोतानं एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला गेला.

१९६४ सालीच बेलमध्ये निओडिमियमयुक्त ‘याग’ स्फटिकाचा लेझरही तयार झाला. वायूच्या झोताची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, स्फटिकाची १.०६. दोन्ही डोळ्यांना अदृश्य. पहिला काचेत शोषला जातो, म्हणून त्याला आरशांवरून न्यावं लागतं. दुसरा काचतंतूतून थेट यंत्रमानवाच्या हातापर्यंत पोचतो. आजच्या फायबर लेझरची तरंगलांबीही याच्याच जवळपासची आहे, आणि धातू कापण्याचं बरंचसं काम आता त्याच्याकडे गेलं आहे.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्यावं. वायूचा झोत डोळ्याच्या पृष्ठभागावरच अडतो आणि तिथे भाजतो. फायबरचा झोत मात्र डोळ्याच्या भिंगातून आत शिरून थेट पडद्यावर एकवटतो. तो दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. आणि पडद्याची जखम भरून येत नाही. वायूचा झोत अडवणारी साधी पारदर्शक ढाल याला अडवत नाही. तेव्हा यंत्र बदललं, की चष्मा आणि ढालही बदला. त्यांवर छापलेली तरंगलांबी यंत्राशी जुळते का, हे काम सुरू करण्याआधी पाहा. कारण झोत कोणत्या पदार्थातून निघाला, यावरच तो काय कापणार आणि काय जाळणार, हे ठरतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)