संकलित फाइली डिस्कवर उतरविण्याची व्यवस्था

केज तालुक्यात धनेगाव येथे असलेल्या मांजरा धरणाचा जलसाठा दाखविणारे एक लहानसे संकेतस्थळ कोणी विद्यार्थी रचीत आहे, अशी कल्पना करावी. पान जँगोच्या सर्व्हरकडून येते. आकडे मांडणारा जावास्क्रिप्टचा भाग वेबपॅक संकलित करते. प्रारंभी पानावर एकूण साठा दिसत असे. मागाहून मृत साठा वजा करून केवळ उपयुक्त साठा दाखवावा, असा बदल त्याने केला. वेबपॅकच्या डेव्ह-सर्व्हरवर, म्हणजे ८०८० या पोर्टवर, बदल तत्काळ दिसला. जँगोच्या ८००० या पोर्टवर मात्र जुना, फुगलेला आकडाच कायम राहिला, आणि दोषाची सूचना कोठेही उमटली नाही. ज्या धरणावर लातूर शहर विसंबून असते आणि जे आटल्यामुळे २०१६ साली त्या शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच्या बाबतीत हा फरक किरकोळ नव्हे.

या घोटाळ्याचे मूळ असे की, डेव्ह-सर्व्हर संकलित फाइली डिस्कवर लिहीतच नाही. वेगासाठी त्या मेमरीत ठेवतो. जँगो पाहतो तो डिस्ककडे, आणि तेथे मागील पूर्ण संकलनाचे अवशेष पडलेले असतात. फोल्डर रिकामे असते तर निदान चूक उघडी पडली असती.

यावर पूर्वी गाजुस कुइझिनास यांचे ‘राइट-फाइल-वेबपॅक-प्लगिन’ योजीत. त्यातील दोन सोयी विचारपूर्वक केलेल्या आहेत. बदललेल्या फाइलीच पुन्हा लिहावयाच्या, ही एक; आणि फाइल तुकड्यातुकड्याने न लिहिता पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी बसवावयाची, ही दुसरी. दुसरीमुळे अर्धवट फाइल वाचली जाण्याचा धोका टळतो. २०१८ साली हीच क्षमता ‘राइट-टू-डिस्क’ या नावाने डेव्ह-सर्व्हरमध्येच आली. २०२१ च्या चौथ्या आवृत्तीपासून तो पर्याय ‘डेव्ह-मिडलवेअर’ या पोटविभागात लिहावा लागतो. जुन्या जागी ठेवल्यास सर्व्हर सुरूच होत नाही, हे एका परीने बरेच आहे.

पर्यायाचे मूळ मूल्य नकारार्थी असते. ते होकारार्थी केले की सर्वच फाइली उतरतात. त्यांत ‘हॉट-अपडेट’च्या तात्पुरत्या फाइलीही असतात, आणि प्रत्येक बदलागणिक त्यांची भर पडत जाते. म्हणून मूल्याऐवजी एक लहान फंक्शन द्यावे: त्यास फाइलीचा मार्ग मिळतो, आणि त्यात ‘हॉट-अपडेट’ हे शब्द आढळल्यास ते नकार देते. फाइली कोठे उतरावयाच्या, हे ‘आउटपुट’मधील ‘पाथ’ ठरवितो. तो मार्ग पूर्ण असावा आणि जँगो जे फोल्डर वाचतो तेच त्यात निर्दिष्ट असावे.

एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. हा पर्याय चालू असतानाही ८०८० वरील पान मेमरीतूनच येते. तेव्हा तेथे बदल दिसला, एवढ्यावरून डिस्कवरील लेखनाविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी फोल्डर उघडून फाइलीवरील वेळ पाहावी, आणि मग ८००० वरील पान नव्याने मागवावे.