परदेशी जोडीदाराच्या व्हिसाचे कागद

परदेशस्थ स्थळ चालून आले म्हणजे पूर्वी घरातील वडील माणसे पत्रिका काढून बसत. आता पत्रिकेच्या आधी पासपोर्ट पाहिला जातो, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटत नाही. मंगळ आडवा आला तर ज्योतिषी शांत सांगतो. जन्मदाखल्यातील आईचे नाव आडवे आले तर त्यावर शांत सांगणारा कोणी भेटत नाही. लग्न झाले, पाहुणे परतले, जावई तीन आठवड्यांची रजा संपवून न्यू जर्सीस गेला आणि मुलगी माहेरीच वर्ष-दीड वर्ष कागद जुळवीत राहिली, असे प्रसंग आपल्या जिल्ह्यात आता नवलाचे उरलेले नाहीत. त्या दिरंगाईचे सगळेच खापर परक्या सरकारवर फोडता येत नाही. तिच्यातील बराचसा भाग आपल्याच गावच्या दप्तरांत जन्म घेतो, आणि तेवढा भाग तरी टाळण्यासारखा असतो.

पाचगणीस 'परदेशी जोडीदार' हा शब्द दोन्ही अंगांनी लागू पडतो. येथील शाळांत देशोदेशींची मुले शिकून गेली. १९५५ साली झांजीबारहून सेंट पीटर्स शाळेत आलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगप्रसिद्ध झाला, हे आपण सारेच अभिमानाने सांगतो. अशा गावात परदेशी सून वा जावई येणे ओघानेच आले. पण संख्येने पाहिले तर आपली मुले तिकडे जाण्याचेच प्रसंग अधिक. आणि तिकडच्या कायद्याच्या दृष्टीने 'परदेशी जोडीदार' म्हणजे आपलीच मुलगी वा आपलाच मुलगा असतो. म्हणून आधी जाणाऱ्यांचा विचार करू. उदाहरण अमेरिकेचे घेतो, कारण तिकडची चौकशी सर्वांत जास्त होते.

तेथील रीत थोडक्यात अशी. अर्ज आपल्या मुलीने करावयाचा नसून तिच्या अमेरिकन नागरिक असलेल्या पतीने करावयाचा असतो. त्या अर्जास आय-१३० म्हणतात. तो मंजूर झाला की प्रकरण तेथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते, तेथे कागदपत्रे व पतीची आर्थिक हमी तपासली जाते, आणि अखेरीस मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. ही वकिलात पूर्वी ब्रीच कँडीवर लिंकन हाउसमध्ये होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नागरिकाच्या पत्नीस वा पतीस वार्षिक संख्येची मर्यादा नाही. जावई नागरिक नसून केवळ ग्रीनकार्डधारक असेल तर मात्र मर्यादा आहे, आणि रांगेत उभे राहावे लागते. 'तो तिकडे कायमचा आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानण्यापूर्वी हा फरक विचारून घ्यावा.

आता आपल्याकडील कागद. पहिला जन्माचा दाखला. पुष्कळांची समजूत अशी की, आपण पाचगणीचे, तेव्हा दाखला पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेत मिळणार. वस्तुतः नोंद कुटुंब राहते तेथे होत नाही, जन्म झाला तेथे होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात. त्यामुळे पाचगणीच्या मुलीची नोंद वाईस, कोरेगावास किंवा आजोळच्या एखाद्या ग्रामपंचायतीत असते, आणि इकडच्या दप्तरात ती शोधून शोधून माणसे थकतात. नोंद सापडली तरी बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते, कारण बारसे होण्याच्या आधीच जन्म कळविलेला असतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १४ व्या कलमान्वये नाव मागाहून घालता येते. ते काम अर्ज करण्यापूर्वीच उरकावे. नोंदच नसेल तर दोन वाटा आहेत. वर्षाहून जुना जन्म नोंदवण्यास पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले. दुसरी वाट म्हणजे 'नोंद आढळत नाही' असा दाखला त्या त्या स्थानिक कचेरीकडून घेणे व त्यास शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रे जोडणे. वकिलात असा पुरावा विचारात घेते. वयस्क मंडळींच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असते, आणि नगरपालिकेत तारीख निराळीच. अशा वेळी दोन्ही कागद पुढे ठेवून खुलासा करावा. एक लपवून दुसरा दाखवू नये.

यापेक्षाही घोळ होतो तो नावांचा. आपले नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे, आणि आडनाव. परक्या अर्जात दोनच रकाने, त्यामुळे मधले नाव कोठे घालावे याचा निर्णय जो तो आपापल्या बुद्धीने करतो. त्यात आपली आदराची पदे भर घालतात. वडील एका कागदावर रामचंद्र, दुसऱ्यावर रामराव. आई एकीकडे लक्ष्मी, दुसरीकडे लक्ष्मीबाई. आपल्याला यात दोन माणसे दिसत नाहीत, कारण आपण त्या माणसांना ओळखतो. वकिलातीतील अधिकारी ओळखत नाही. त्याच्यापुढे केवळ अक्षरे असतात. दीक्षित, चौधरी ही आडनावे रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिली जातात हे ज्याचे त्याने घरातील कागद काढून पाहावे.

तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याचा आपला विधी मोठा गोड आहे. पण माहेरची कुसुम सासरी सुनंदा झाली की तिचा जन्मदाखला, शाळेचा दाखला व पदवी एका बाईची, आणि विवाहाचा दाखला दुसऱ्या बाईचा, अशी स्थिती होते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलावयाचेच असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून, पासपोर्टावर चढवून, मगच व्हिसाच्या कामास हात घालावा. प्रकरण अर्ध्यावर असताना बदलू नये. आणि पूर्वी वापरलेली सर्व नावे अर्जात त्यासाठी ठेवलेल्या जागी निःसंकोच लिहावीत.

येथवरचे दोष वेळ खाणारे आहेत, पण सुधारता येतात. विवाहाच्या दाखल्यात होणारी चूक मात्र विवाहावरच घाला घालू शकते. वराची रजा नाताळात, शुभ मुहूर्त पुढल्या वैशाखात. तेव्हा आता नुसती नोंदणी करून ठेवू म्हणजे तिकडे प्रकरण सुरू होईल, आणि लग्न सावकाश लावू, असा सल्ला जाणती म्हणवणारी माणसेही देतात. या सल्ल्याचे काय होते ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९ एप्रिल २०२४ च्या निकालात पाहावयास मिळते. पक्षकार दोघेही वैमानिक होते. २०२१ च्या जुलैत त्यांनी एका संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन उत्तर प्रदेशात विवाहाची नोंद केली. प्रत्यक्ष समारंभ २०२२ च्या ऑक्टोबरात व्हावयाचा होता. मध्यंतरी बिनसले आणि प्रकरण कोर्टात गेले. न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितले की, हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे विधी झालेले नाहीत, म्हणून विवाहच झालेला नाही, आणि जो विवाह झाला नाही त्याचा दाखलाही निरर्थक. व्हिसाचा वेळ वाचवण्यासाठी अशा आगाऊ नोंदण्या केल्या जातात याची न्यायालयाने मुद्दाम दखल घेतली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नोंदणी ही झालेल्या विवाहाची असते; ती विवाह घडवीत नाही. अशा कागदावर मुलगी अमेरिकेत पोचली आणि पुढे वाद निघाला, तर इकडे ती पत्नी नव्हतीच आणि तिकडे तिने खोटी माहिती दिली, असा दुहेरी प्रसंग ओढवतो. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवल्याचे ठरले तर अमेरिकन कायद्याने प्रवेशास जन्मभराची बंदी येते. सूट मागता येते, पण मिळणे सोपे नाही.

ज्यांना खरोखरच कागद आधी हवा आहे त्यांच्यासाठी सरळ मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्यापुढे तीन साक्षीदारांसमक्ष होते तेच लग्न. दोहोंपैकी एक जण त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला असावा लागतो. मुलगी येथलीच असल्याने ती अट आपोआप पुरी होते. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि तीन महिन्यांच्या आत विवाह करावा लागतो, म्हणजे नोटिशीची तारीख जावयाच्या तिकिटाशी जुळवून घ्यावी. नंतर वैशाखात अक्षता टाकावयास कोणी अडवीत नाही. पारशी मंडळींचा १९३६ चा आणि ख्रिस्ती मंडळींचा १८७२ चा कायदा वेगळा आहे. त्यांनी आपापल्या विधीप्रमाणे व नोंदीप्रमाणे चालावे. पहिला विवाह मोडला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा हवा. पंचांपुढे झालेली काडीमोड आपल्या कायद्याने रूढी सिद्ध झाल्यास मान्य असते, तथापि वकिलातीपुढे ती सिद्ध करणे कठीण. आधी कोर्टाकडून तसे ठरवून घेतलेले बरे.

मुलाखतीत अधिकाऱ्यास पाहावयाचे असते एकच: हा संसार खरा की व्हिसापुरता? येथे आपल्या ठरवून केलेल्या लग्नांची पंचाईत होते. दोन भेटींत होकार, महिन्यात लग्न, आठ दिवसांत ताटातूट, हे आपल्याला नित्याचे वाटते. तिकडे ते संशयाचे लक्षण ठरते. म्हणून लग्न कसे ठरले हे मोकळेपणाने सांगावे: मध्यस्थ कोण, घरे कधी भेटली, खर्च कोणी केला. निमंत्रणपत्रिका, दोन्हीकडच्या नातलगांसह काढलेली छायाचित्रे, पतीच्या पुन्हा येण्याचे पासपोर्टावरील शिक्के, आपसांतील पत्रव्यवहार जपून ठेवावा. स्टुडिओतील नटवलेल्या शंभर चित्रांपेक्षा पंगतीत आत्या-मामांसह काढलेले एक चित्र अधिक बोलते, असे आमचे मत आहे.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. त्यात १५ वर्षांवरील प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढतात. ज्या पाचगणीच्या हवेसाठी एके काळी क्षयाचे रोगी लांबून येत, बेल-एअरसारखे आरोग्यधाम जेथे उभे राहिले, तेथील लोकांना याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या दुखण्याचा डाग दिसला तर तीन दिवस थुंकी तपासतात आणि जंतूंची वाढ होते का हे पाहण्यास आठ आठवडे थांबतात. जुने उपचाराचे कागद असतील तर ते बरोबर न्यावेत.

पतीने द्यावयाची हमी म्हणजे आय-८६४. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवून तो सरकारला लेखी देतो की पत्नीच्या पोषणाचा भार आपला. ही हमी घटस्फोटाने संपत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तसेच, तिकडे पाऊल ठेवताना लग्नास दोन वर्षे झाली नसतील तर मिळणारा रहिवास दोनच वर्षांचा व सशर्त असतो. १९८६ च्या कायद्याने ही अट आली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा. ज्या घरात छळ होतो तेथे याच सहीचा धाक घातला जातो. मुलीने जाण्यापूर्वीच हे जाणून असावे की, छळ झाला असेल किंवा प्रामाणिकपणे केलेला विवाह मोडला असेल, तर ती एकटीही अर्ज करू शकते. सर्व कागदांची एक प्रत म्हणूनच पाचगणीस आई-वडिलांपाशी असावी.

आता येणाऱ्यांविषयी. स्वित्झर्लंडात नूशातेल येथे जन्मलेल्या ईव्ह इव्हॉन यांनी १९३२ साली विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न केले. पुढे सावित्रीबाई खानोलकर या नावाने त्यांनी परमवीर चक्राचे रेखन केले. त्या काळी १९१४ च्या ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी आपोआप त्याच राष्ट्रीयत्वाची होई. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने नोंदणीची सवलत दिली ती भारतीयांशी विवाह केलेल्या 'स्त्रियांना'. परदेशी जावयास ती १९८६ च्या दुरुस्तीने मिळाली. आज दोघांसही भारतात सात वर्षे राहावे लागते, आणि मूळचे नागरिकत्व सोडावे लागते.

त्याआधीची पायरी प्रवेश-व्हिसाची. पर्यटक म्हणून येऊन येथे लग्न केले असेल तर व्हिसा बदलून मागता येतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असल्यास आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची. आपल्या जिल्ह्यापुरती ही नोंद साताऱ्यास पोलीस अधीक्षकांच्या कचेरीशी संबंधित असते, अर्ज मात्र आता संगणकावरून जातो. नोंदणीकृत विवाह सलग दोन वर्षे टिकला की ओ.सी.आय. कार्डास अर्ज करता येतो. पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिकत्व स्वतःचे वा पूर्वजांचे असल्यास ते मिळत नाही, आणि घटस्फोट झाल्यास मिळालेले जाते. या कार्डाने आयुष्यभर ये-जा मोकळी होते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन, मळा वा फार्महाउस विकत घेता येत नाही. कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड करून घर बांधावे अशी सूनबाईंची इच्छा असेल, तर सातबारा पाहून, जमीन शेतीची आहे की बिनशेती हे आधी तलाठ्याकडे विचारावे.