इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि वकिलाची दक्षता

एखादी गोष्ट सत्य असणे आणि ती न्यायालयात सिद्ध होणे, या दोहोंत अंतर असते. वकिली व्यवसायात पाऊल टाकणाऱ्यास हे अंतर पहिल्या काही खटल्यांतच उमगते. पूर्वी ते मुख्यतः साक्षीदाराच्या विस्मरणामुळे, फितुरीमुळे किंवा गहाळ झालेल्या कागदांमुळे पडत असे. आता त्यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. समजा, एका व्यापाऱ्याने उसनी दिलेली रक्कम परत मिळावी म्हणून दावा लावला. ऋणकोने पैसे पुढील महिन्यात देण्याची कबुली मोबाइलवरील संदेशाने दिली होती. त्या संदेशाचे छापील पान वकिलाने दाव्यास जोडले. दोन वर्षांनी पुराव्याची वेळ आली, तेव्हा व्यापाऱ्याने तो मोबाइल केव्हाच विकून टाकला होता आणि छापील पानासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्रही नव्हते. कबुली खरी होती. परंतु न्यायासनापुढे येण्याचा तिचा मार्ग बंद झाला.

ही अडचण समजण्यासाठी थोडे मागे जाणे अगत्याचे आहे. १८७२ सालचा भारतीय पुरावा अधिनियम हा कागद, शाई आणि सही यांच्या जगासाठी रचलेला होता. मूळ दस्तऐवज हा सर्वांत श्रेष्ठ पुरावा आणि नक्कल ही दुय्यम, हे त्याचे सूत्र. संगणकाच्या बाबतीत हे सूत्र अपुरे पडू लागले. कारण संगणकातील नोंद डोळ्यांना दिसते ती पडद्यावर किंवा छापील पानावर, म्हणजे एका अर्थाने नकलेच्याच रूपात. यास्तव माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या द्वारे जुन्या कायद्यात ‘६५-ब’ हे कलम घालण्यात आले. संगणकातून काढलेली प्रत ठराविक अटी पूर्ण करीत असेल आणि तिच्यासोबत जबाबदार व्यक्तीने सही केलेले प्रमाणपत्र असेल, तर ती मूळ यंत्र हजर न करताही ग्राह्य धरावी, असा त्या कलमाचा आशय होता.

हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, की त्याची उणीव तोंडी साक्षीने भरून काढता येते? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका पंधरा वर्षे हेलकावे खात राहिली. २००५ साली संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयाने प्रमाणपत्रावाचूनही अन्य मार्गाने पुरावा देता येतो असे मानले. २०१४ साली अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते मत फिरवून प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. २०१८ साली शफी महंमद प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी पुन्हा सूट दिली. अखेर या वादाचा निकाल लागला तो महाराष्ट्रातील एका निवडणूक खटल्यात.

२०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुनराव खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजण्याच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितीत ती वेळ टिपली गेली होती. त्या चित्रफितीचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष पुरेशी मानून २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठाने इतर पुराव्याच्या आधारे तो निर्णय कायम ठेवला. मात्र तोंडी साक्ष ही प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, असा दंडक स्पष्टपणे घालून दिला.

या निकालात वकिलांना उपयोगी पडणारी तीन सूत्रे आहेत. पहिले असे की, मूळ यंत्रच न्यायालयात आणता येत असेल, म्हणजे मोबाइल वा लॅपटॉपचा मालक स्वतः साक्षीस उभा राहून ते यंत्र आपले आहे असे सिद्ध करीत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. दुसरे असे की, संबंधित अधिकारी वा कंपनी प्रमाणपत्र देण्याचे नाकारीत असेल, तर पक्षकाराने हातावर हात ठेवून बसू नये. न्यायालयाकडे अर्ज करून त्या व्यक्तीवर समन्स काढून घ्यावे. शक्य ते सारे करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही. तिसरे असे की, सुनावणी संपेपर्यंत न्यायालय प्रमाणपत्र दाखल करण्यास परवानगी देऊ शकते. फौजदारी खटल्यात मात्र त्यामुळे आरोपीच्या बचावास बाध येणार नाही हे पाहिले जाते.

त्यानंतर १ जुलै २०२४ रोजी १८७२ चा कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला. पणजी असो, बेळगाव असो, इंदूर, बडोदे वा हैदराबाद असो, सर्वत्र आता हाच कायदा लागू आहे. ई-पत्रे, मोबाइलवरील संदेश, संकेतस्थळे, ठावठिकाण्याच्या नोंदी आणि ध्वनिसंदेश हे सारे ‘दस्तऐवज’ या संज्ञेत येतात, हे त्याने उदाहरणासह सांगितले. जुन्या ६५-ब कलमाची जागा नव्या कलम ६३ ने घेतली. सर्वांत मोठा फरक प्रमाणपत्रातच आहे. पूर्वी एका व्यक्तीची सही पुरत असे. आता अधिनियमाच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला असून त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग नोंद सादर करणाऱ्याने भरावयाचा आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने. शिवाय, नोंद जितक्या वेळा पुराव्यासाठी सादर होईल तितक्या वेळा प्रमाणपत्र सोबत असले पाहिजे, असे कलम सांगते.

नमुन्यात यंत्राचा प्रकार, बनावट, अनुक्रमांक किंवा मोबाइलचा आयएमईआय क्रमांक आणि नोंदीचे ‘हॅश मूल्य’ लिहावे लागते. हा शब्द अनेकांना नवा वाटेल. पूर्वी टपालाच्या पिशवीवर लाखेचा शिक्का मारीत. तो फुटलेला दिसला की आतील ऐवजास कोणाचा तरी हात लागला, हे कळत असे. हॅश मूल्य हे काहीसे तसेच आहे. संगणकातील नोंदीवर ठराविक गणिती प्रक्रिया केली असता अक्षरे व आकडे यांची एक मालिका मिळते. नोंदीतील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ही मालिका पार बदलून जाते. अनुसूचीत एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ या पद्धतींचा उल्लेख असून अन्य पद्धतीसही वाव ठेवला आहे. यांपैकी एमडी-५ आणि एसएचए-१ यांतील दुर्बलता तज्ज्ञांनी दाखवून दिलेली असल्याने एसएचए-२५६ निवडणे शहाणपणाचे होय.

‘तज्ज्ञ’ कोणास म्हणावे, याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही. म्हणून ‘ब’ भागावर सही करणाऱ्याचे शिक्षण, अनुभव आणि त्याने अवलंबिलेली पद्धत यांची नोंद वकिलाने आधीच करून ठेवावी. उलटतपासणीत पहिला हल्ला तेथेच होणार, हे उघड आहे.

जुना कायदा कोठे आणि नवा कोठे, हाही प्रश्न रोज पडतो. १ जुलै २०२४ पूर्वी जे तपास, खटले, दावे वा अपिले प्रलंबित होती, त्यांना पुराव्याच्या बाबतीत १८७२ चाच कायदा लागू राहतो. येथे कसोटी कार्यवाही प्रलंबित होती की नाही, ही आहे. गुन्ह्याची तारीख नव्हे. जून २०२४ मध्ये घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद ऑगस्टमध्ये नोंदली गेली असेल, तर गुन्हा व शिक्षा जुन्या दंड संहितेप्रमाणे, पण पुरावा नव्या अधिनियमाप्रमाणे, असा प्रसंग येतो. प्रकरण हाती घेताच या दोन्ही तारखा टिपून ठेवल्यास पुढील घोटाळा टळतो.

खरी दक्षता मात्र न्यायालयाच्या पायरीवर नव्हे, तर अशील प्रथम कचेरीत येतो त्या दिवशी दाखवावी लागते. त्याचा मोबाइल विकू नये, दुरुस्तीस देऊ नये, त्यातील काही पुसू नये, हे त्याला निक्षून सांगावे. छायाचित्र किंवा चित्रण संदेशाद्वारे वकिलाकडे धाडले की बहुधा त्याचा आकार घटविला जातो आणि ते मूळ नोंदीशी जुळत नाही. म्हणून मूळ यंत्रच जतन करावे. दुकाने, सोसायट्या व रस्ते यांवरील कॅमेऱ्यांच्या यंत्रात जागा भरली की जुन्या चित्रणावर नवे आपोआप चढते. यास्तव चित्रण राखून ठेवावे असे पत्र ताबडतोब पाठवून पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास दिवाणी प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली आणि फौजदारी प्रकरणात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज करावा. बँकेच्या खात्याचा संगणकीय उतारा मागताना बँकर्स बुक्स पुरावा अधिनियमाखालील प्रमाणपत्रही त्याच वेळी मागून घ्यावे.

समोरच्या पक्षाच्या वकिलासही येथे एक धडा आहे. प्रमाणपत्र नसलेली नोंद निशाणी म्हणून दाखल होताना हरकत घेतली नाही आणि ती अपिलात प्रथमच उपस्थित केली, तर ती ऐकली जाईलच असे नाही. २०१७ साली सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात दूरध्वनीच्या नोंदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने अशी उशिराची हरकत अमान्य केली होती.

प्रमाणपत्र म्हणजे सत्याची हमी नव्हे, हेही विसरता कामा नये. ते नोंदीस न्यायालयाचे दार उघडून देते. आत आल्यावर तिचे वजन किती, हे न्यायाधीशच ठरवितात. परंतु दारच उघडले नाही, तर तोलण्याचा प्रश्न येतच नाही. मोठ्या संस्थांपाशी यंत्रे असतात, तज्ज्ञही असतात. जुना मोबाइल रुमालात गुंडाळून दूर गावाहून आलेल्या पक्षकारापाशी त्याच्या वकिलावाचून दुसरे कोणी नसते. त्याचे सत्य निकालापर्यंत पोहोचते की वाटेतच गळून पडते, हे पुष्कळदा वकिलाने पहिल्या भेटीत कोणते प्रश्न विचारले, यावर अवलंबून राहते.