कुशिंग आणि टेन्शनवर फोडलेलं खापर

सकाळी आरशात चेहरा जरा सुजल्यासारखा दिसला की रील्सवर निदान तयारच असतं: ‘कॉर्टिसोल फेस’. कारण टेन्शन. उपाय अश्वगंधाच्या गोळ्या, आणि त्यांची लिंक खाली दिलेली. तिथून गाडी सरळ कुशिंग सिंड्रोमवर जाते. ‘ऑफिसच्या टेन्शनने तिला कुशिंग झाला’ हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर इतक्या बिनदिक्कत फिरतं, की खोडून काढणाऱ्यालाच कानकोंडं व्हावं.

ताणामुळे कॉर्टिसोल वाढतं, एवढं त्यात खरं आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात; पहाटेनंतर पातळी सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. परीक्षा, भांडण, ताप, ऑपरेशन यांनी ती चढते आणि कारण सरलं की उतरते. कुशिंगमध्ये हा उतारच नाहीसा होतो. त्यासाठी शरीरात एखादी गाठ तरी असावी लागते, नाहीतर बाहेरून कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टेरॉइड तरी जावं लागतं. तीव्र नैराश्यात किंवा अतिमद्यपानात चाचण्यांचे आकडे बिघडतात, पण मूळ दुखणं आटोक्यात आलं की ते जागेवर येतात.

गाठींचा प्रकार अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीशी जोडून दाखवला. आपोआप होणाऱ्या कुशिंगमध्ये आजही सुमारे ७० टक्के वाटा तिचाच. उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीच्या गाठी आणि फुप्फुसाच्या काही गाठी येतात. बायकांमध्ये, त्यातही २० ते ५० या वयात, पिट्युटरीचा प्रकार अधिक दिसतो. पण दिसतो म्हणजे किती? दहा लाखांमागे वर्षाला मोजके रुग्ण. टेन्शनने कुशिंग होत असता तर मुंबईच्या एकाच लोकलमधून ढिगाने रुग्ण निघाले असते.

मग खरी जोखीम कुणाला? औषधं घेणाऱ्याला. कुशिंगचं सर्वांत मोठं कारण बाहेरून गेलेलं स्टेरॉइड हेच आहे. म्हणूनच एन्डोक्राइन सोसायटीच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की कुठलीही चाचणी करण्याआधी रुग्ण कोणती औषधं घेतो ते नीट विचारा.

विचारलं तरी उत्तर ‘काही नाही’ असंच येतं, कारण मलमाला कुणी औषध समजतच नाही. गजकर्णावर मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, गोरं दिसण्यासाठी मैत्रिणीने सुचवलेली क्रीम, बाळाच्या लंगोटाच्या जागी लावलेलं घरातलं जुनं मलम: यांत बीटामेथाझोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असू शकतं. लंगोटाखाली त्वचा झाकलेली आणि ओलसर राहते, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. तान्ह्या बाळांना क्लोबेटासोलमुळे कुशिंग झाल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर त्या बंदीचं काय होतं, हे ट्यूब मागून बघणाऱ्या कुणालाही कळेल.

दुसरी वाट सांधेदुखीच्या पुड्यांची. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे. दुखणं चार दिवसांत पळतं, भूक लागते, चेहरा भरतो. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. मग दंड-मांड्या बारीक होतात आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. नुसत्या वजनवाढीने असं होत नाही. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे, जरा धक्का लागला की काळंनिळं पडणारी पातळ त्वचा, हीदेखील तशीच लक्षणं.

गंमत अशी, की अशा माणसाने रीलमधली ‘कॉर्टिसोल टेस्ट’ केली तर आकडा बऱ्याचदा कमी येतो. डेक्सामेथाझोन किंवा बीटामेथाझोन या चाचणीत कॉर्टिसोल म्हणून मोजलं जात नाही, आणि त्यांच्यामुळे शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. शिवाय दिवसा कधीही रक्त काढून कुशिंग ठरवता येत नाही. त्यासाठी रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी किंवा डेक्सामेथाझोनची गोळी देऊन केलेली चाचणी लागते.

आणखी काही समज थोडक्यात. लठ्ठपणा आणि मधुमेह ही कुशिंगची कारणं नाहीत. तेच कुशिंगमुळे होऊ शकतात. हा आजार आनुवंशिक असतो म्हणावं, तर तसे प्रकार फारच थोडे. दम्याच्या पंपाने कुशिंग होतो ही भीती नेहमीच्या मात्रेत बहुतेकदा फोल आहे; पंप बंद करून दमा बळावण्याचा धोका त्याहून मोठा. एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर चालू असेल तर मात्र फ्लुटिकासोनचा पंपही अंगाशी येऊ शकतो, म्हणून दोन्ही औषधं डॉक्टरांच्या कानावर घालावीत.

आणि हे वाचून घाबरून उद्यापासून स्टेरॉइडची गोळी बंद, असंही करू नये. तीन-चार आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलं असेल तर स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात. गोळी एकदम तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. मात्रा डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि ग्रंथी पूर्ववत व्हायला कित्येकदा महिने जातात.