पत्ता एक, वाचणारे दोन

उल्हासनगर कॅम्प १चा रुग्ण केसपेपरवर पत्ता देतो, ‘बीके नंबर अमुक, रूम नंबर तमुक’. लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले, त्यामुळे इथे बॅरकही आहेत आणि ब्लॉकही. दारावर तपासणाऱ्याने ‘बीके’ म्हणजे ब्लॉक वाचले आणि पोहोचवणाऱ्याने बॅरक, तर तपासणी फुकट. संगणकातही असा घोटाळा होतो आणि त्याचा संबंध तुमच्या रिपोर्टशी आहे.

बाहेरच्या लॅबची लिंक दिली की रुग्णालयाचा सर्व्हर स्वतः जाऊन रिपोर्ट आणू शकतो, वॉर्डबॉयसारखा. नातेवाइकाला रेकॉर्ड रूममध्ये मज्जाव असतो, वॉर्डबॉयला नसतो. एखाद्याने लॅबऐवजी आतल्याच यंत्राचा पत्ता दिला, तर सर्व्हर निमूटपणे आतली माहिती आणून देतो. याला ‘सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी’ म्हणतात.

हे टाळायला प्रोग्रामर नकोशा पत्त्यांची यादी ठेवतात. पत्ता वाचायचे काम मात्र तयार लायब्ररी करते. त्यात गैर काही नाही, आम्ही तरी सलाइन कुठे स्वतः बनवतो! पण पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या अशाच लायब्ररीत २०२३ मध्ये एक दोष उघड झाला. पत्त्याच्या आधी नुसती रिकामी जागा सोडली की वाचणाऱ्या भागाला त्यात यंत्राचे नावच सापडत नसे. नाव नाही, मग यादीशी जुळवणार काय? पत्ता पास. पुढे प्रत्यक्ष जाणारा भाग मात्र ती जागा झटकून अचूक तिथेच पोहोचे. ३.११.४ या आवृत्तीत हे दुरुस्त झाले.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत चूक वेगळी होती, फायरवॉलच्या मांडणीची. युक्ती हीच. सर्व्हरलाच आतल्या पत्त्यावर पाठवून किल्ल्या मिळवल्या गेल्या आणि अमेरिका व कॅनडातील मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली. बँक कार्ड बदलून देते. एचआयव्हीचा किंवा मानसोपचाराचा कागद बाहेर गेला तर आम्ही काय बदलून देणार?

नकोशांची यादी हा उपाय मला मुळातच कच्चा वाटतो. वॉर्डच्या दारावर आपण ‘यांना सोडू नका’ अशी यादी लावत नाही, पास असेल त्यालाच सोडतो. तसे ठरलेल्या लॅबचेच पत्ते चालावेत, आणि लिंक उघडणाऱ्या सर्व्हरला रेकॉर्डपर्यंत वाटच नसावी. छोट्या नर्सिंग होमने एवढे तरी विचारावे: आमच्या सॉफ्टवेअरमधल्या लायब्ररी शेवटच्या कधी अपडेट केल्या? उत्तर तोंडी नको, तारखेसह लेखी घ्या.