पेट्रोलच्या गाडीस गॅस जोडणें व त्याचें जुनें साहित्य पारखणें

भाजीपाला बाजारांत नेणारी लहान गाडी, दूध पोंचविणारी व्हॅन किंवा घरची जुनी जीप ज्यांच्याकडे आहे, त्यांस पेट्रोलचा खर्च दरमहा जाणवतो. ती गाडी गॅसवर चालवावी असा विचार त्यांस सुचणें स्वाभाविक आहे. नवें साहित्य महाग पडतें, म्हणून मोडीत निघालेल्या गाडीचें काढून बसवावें, असा सल्लाही बाजारांत सहज मिळतो. तो कोठवर ऐकावा व कोठें टाळावा, याचा निर्णय शेतकरी बंधूंस स्वतः करतां यावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे. या कामांत हयगय झाली तर पैसा तर जातोच, पण प्रसंगीं मनुष्यहानिही होते.

पूर्वेतिहास.— गॅसवर गाडी चालविणें ही नवी गोष्ट नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोल मिळेनासें झालें तेव्हां आपल्या देशांत लोणारी कोळशापासून निघणाऱ्या वायूवर मोटारी चालविल्या गेल्या. अमेरिकेंत वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञानें १९१० सालीं पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूचा शोध घेतला व त्यांतून प्रोपेन पुढें आला. तेथील मिनियापोलिस-मोलीन कारखान्यानें १९४१ सालीं प्रोपेनवर चालणारा ट्रॅक्टर बाजारांत आणला. पुढें कित्येक वर्षें तेथील शेतकरी आपले पेट्रोलचे ट्रॅक्टर व पाण्याचे पंप प्रोपेनवर चालवीत. नंतर डिझेलनें त्याची जागा घेतली. आपल्याकडे मोटारींत हा गॅस वापरण्याचे स्वतंत्र नियम २००१ सालीं झाले.

गॅसचा स्वभाव.— मोटारीचा एल. पी. जी. म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण होय. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंश सेंटिग्रेडवर उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. म्हणून उघड्या हवेंत दोन्ही वायुरूप असतात, आणि दाबाखालीं ठेवले म्हणजे पाण्यासारखे पातळ होतात. उन्हाळ्यांत ४० अंश उष्णतेस नुसत्या प्रोपेनचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें तेरापट होतो. यावरून टाकी साध्या पत्र्याची कां चालत नाहीं हें ध्यानांत येईल. एक लिटर पातळ गॅस बाहेर पडला तर त्याचा सुमारें अडीचशें लिटर वायु होतो. हा वायु हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें वर उडून न जातां गोठ्याच्या गटारांत, तळघरांत किंवा गाडीच्या तळाशीं सांचून राहतो. हा एकच गुण नीट लक्षांत ठेवला तरी पुष्कळ अपघात टळतील.

साहित्याची रचना.— टाकीवर जोडझडपांचा एक संच असतो. टाकी आठ दशांश भरतांच तो भरणें थांबवितो; नळी तुटल्यास गॅसचा ओघ अडवितो; दाब वाढल्यास तो बाहेर सोडतो. दोन दशांश जागा रिकामी ठेवण्याचें कारण असें कीं, हा पातळ गॅस उन्हानें पाण्याच्या कित्येक पट फुगतो. कांठोकांठ भरलेल्या टाकींत त्यास फुगण्यास जागा उरत नाहीं. टाकीपासून धातूची नळी इंजिनाकडे येते. तेथें गाळणी व विजेनें उघडझांप होणारी झडप असते. पुढें रेग्युलेटर दाब कमी करून गॅसची वाफ करतो. वाफ होण्यास उष्णता लागते व ती रेडिएटरच्या गरम पाण्यानें मिळते. म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर गॅसवर घ्यावें लागतें. शेवटीं कार्ब्युरेटरच्या गाडींत मिश्रक, व नव्या गाडींत सुया, गॅस हवेंत मिसळतात.

कोणत्या इंजिनास जोडावा.— ठिणगीनें पेटणाऱ्या, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनास तो जोडतां येतो. डिझेलचें इंजिन दाबाच्या उष्णतेनें पेटतें. त्यांत ठिणगीची सोय नसते. म्हणून आपला डिझेल ट्रॅक्टर या खटपटींत पडण्याजोगा नव्हे. पेट्रोलच्या इंजिनांतही आधीं दट्ट्या, कडीं व झडपा तपासाव्या. झिजलेलें इंजिन गॅसनें सुधारत नाहीं. उलट त्याचे दोष अधिक उघड होतात. शिशाच्या पेट्रोलवर चालण्यास बनविलेल्या फार जुन्या इंजिनांत झडपांच्या बैठका मऊ असतात, व कोरड्या गॅसवर त्या लवकर झिजतात. इंजिन चांगलें असेल तर काजळी कमी धरते व तेल अधिक दिवस स्वच्छ राहतें. मात्र चढावर जोर किंचित् कमी वाटेल.

हिशेब.— लिटरमागें या गॅसची उष्णता पेट्रोलच्या सुमारें तीन चतुर्थांश ते चार पंचमांश असते. पेट्रोलवर १५ किलोमीटर चालणारी गाडी गॅसवर सुमारें १२ चालेल असें धरावें. म्हणजे गॅसचा लिटरचा भाव पेट्रोलच्या चार पंचमांशांहून बराच कमी असला तरच फायदा. समजा, पेट्रोल १०० रुपये, गॅस ६० रुपये व साहित्य बसविण्याचा खर्च ३०,००० रुपये. महिना १,५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीस पेट्रोल १०० लिटर, म्हणजे १०,००० रुपयांचें लागेल. गॅस १२५ लिटर, म्हणजे ७,५०० रुपयांचा. बचत २,५०० रुपये. खर्च एका वर्षांत भरून निघेल. पण तीच गाडी महिना ३०० किलोमीटर चालली तर बचत ५०० रुपये, व खर्च निघण्यास पांच वर्षें. हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून हिशेब करावा, आणि गॅसचा पंप किती दूर आहे व गाडीच्या नोंदणीची मुदत किती उरली आहे, हेंही त्यांत धरावें.

जुनें साहित्य.— येथें तीन वर्ग करावे. पहिला वर्ग पुन्हां वापरतां येण्याजोगा: टाकीचा लोखंडी पाळणा, न गंजलेले पट्टे व तपासलेली कळ. मिश्रक त्याच जातीच्या इंजिनाचा असेल तरच घ्यावा. दुसऱ्याचा बसविल्यास गॅस अधिक जातो किंवा इंजिन अडखळतें. दुसरा वर्ग दुरुस्त करून घेण्याजोगा: रेग्युलेटर व विजेची झडप. यांतील रबरी पडदे व सील वर्षानुवर्षें पडून राहिले म्हणजे ताठतात. ते सर्व नवे घालून, त्या कामाच्या माहितगार कारागिरानें दाबाखालीं तपासल्यावरच वापरावे. हा खर्च मिळवला असतां जुनें व नवें यांत फारसें अंतर राहात नाहीं, असें पुष्कळदां आढळेल. तिसरा वर्ग मुळींच न घेण्याचा: रबरी नळ्या, एकदां वांकवून काढलेली तांब्याची नळी, व संशयास्पद टाकी.

टाकी घेतांना तिच्यावरील ठोकलेला क्रमांक, बनविल्याचें वर्ष व शेवटच्या चांचणीचा महिना वाचावा. क्रमांक घासलेला, अंग पोंचलेलें, तळ गंजलेला किंवा कोठेंही मागाहून वेल्डिंग केलेलें दिसल्यास ती टाकी फुकटही घेऊं नये. चांचणीची मुदत संपली असेल तर मान्य केंद्रांतून ती पुन्हां पास होईपर्यंत तिला भंगाराचीच किंमत. सी. एन. जी. चें साहित्यही येथें चालत नाहीं. तो वायु सुमारें २०० पट दाबानें भरतात. एल. पी. जी. च्या टाकींत तो भरणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय.

घरगुती सिलिंडर.— स्वयंपाकाचा सिलिंडर गाडींत ठेवून चालविण्याची, किंवा त्यांतील गॅस गाडीच्या टाकींत ओतण्याची रीत कित्येक ठिकाणीं दिसते. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय घातक आहे. तो सिलिंडर उभा ठेवून वरची वाफ घेण्यासाठीं केलेला असतो. आडवा होतांच त्यांतून पातळ गॅस येतो. त्यास भरण्याची मर्यादा राखणारी झडप नसते व धक्के सोसणारी बांधणीही नसते. ओततांना सांडलेला गॅस जमिनीलगत पसरतो, आणि त्यास पेटविण्यास दूरची चूल किंवा विजेचें बटण पुरतें. ज्या व्हॅनमधून आपलीं मुलें शाळेंत जातात, तींत असा सिलिंडर नाहीं ना, हें प्रत्येक पालकानें स्वतः पाहावें.

कायदा.— मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें गाडींतील असा फेरफार मंजुरीनें करून नोंदणीपुस्तकांत लिहवून घ्यावा लागतो. संच त्या जातीच्या वाहनासाठीं मान्य झालेला असावा लागतो, व तो अधिकृत केंद्रानें बसवावा लागतो. टाक्यांस गॅस सिलिंडर नियम, २०१६, लागू आहेत. त्यांचा अंमल पाहणाऱ्या केंद्रीय खात्याची मुख्य कचेरी आपल्या नागपुरासच आहे. नोंद न करतां जोडलेल्या गॅसमुळें अपघात झाला तर विम्याची रक्कम अडकून पडण्याचा संभव असतो. म्हणून एका गाडीचा संच दुसरीस लावण्यापूर्वीं, पैसे देण्याच्या आधींच, परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

रोजची काळजी.— सांधे साबणाच्या फेंसानें तपासावे. काडी पेटवून कधींही पाहूं नये. गॅसचा वास आल्यास इंजिन बंद करावें, टाकीची झडप फिरवून मिटवावी, दारें उघडावीं व माणसें दूर न्यावीं. वास पूर्ण जाईपर्यंत गाडी सुरू करूं नये व दिव्याचें बटणही दाबूं नये. गाडी बंद कोठारांत किंवा कडब्याच्या गंजीजवळ ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां गाडी थोडी पेट्रोलवर चालवावी, म्हणजे पेट्रोलचे भाग सुकून अडत नाहींत.

सारांश, गाडी पुष्कळ धांवत असेल, इंजिन धड असेल व पंप जवळ असेल, तर गॅस जोडणें किफायतीचें होईल. जुन्या साहित्यांत काटकसर करावयाची ती पाळणा व पट्टे यांत करावी. टाकी, झडपा व नळ्या यांत करूं नये.